अल्टरनेटर खोलण्याआधी: चार्जिंगचा बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र पेटलं की बहुतेकांचा हात थेट पान्याकडे जातो. अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र) उतरवतात, नवा चढवतात आणि दोन दिवसांनी तेच चित्र पुन्हा पेटतं. दोष असतो सैल पट्ट्याचा, गंजलेल्या अर्थच्या वायरीचा नाहीतर थकलेल्या बॅटरीचा. शिक्षा मात्र अल्टरनेटरला. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी बॅटरी, मग पट्टा, मग वायरी, आणि अल्टरनेटरला पाना लावायचा तो सगळ्यात शेवटी. मधला टप्पा गाळू नका. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं चार्जिंगचं रीडिंग दिसतं खरं, पण त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

हे सगळं साध्या १२ व्होल्टच्या पेट्रोल, डिझेल किंवा गॅसवरच्या गाडीसाठी आहे. पूर्ण हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये अल्टरनेटर नसतो. तिथे १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टरच्या मार्फत चार्ज होते. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर मीटर पिशवीत ठेवा आणि बॉनेट लावून टाका. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पट्ट्यावरचं एकच यंत्र गाडी सुरूही करतं आणि चार्जही करतं. त्यालाही खालच्या चाचण्या जशाच्या तशा लागू होत नाहीत.

## तयारी

डिजिटल मल्टिमीटर हवा. त्यात डीसी २० व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम, डायोड आणि १० अँपिअरची सोय असावी. बॅटरीच्या क्लॅम्पला बहुतेक १० मिमीचा पाना लागतो, अल्टरनेटरच्या नट-बोल्टांना १२ ते १५. शिवाय तारेचा ब्रश, टॉर्च, चष्मा, रबरी हातमोजे, बॅटरी चार्जर, आणि कागद-पेन. कागद-पेनाला हसू नका. पाचव्या टप्प्यावर पोहोचल्यावर दुसऱ्या टप्प्यातलं रीडिंग १२.४ होतं की १२.१, हे कुणालाच आठवत नाही.

आधी मीटर तपासा. ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना लावली की आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. स्वस्त मीटरमध्ये ०.२-०.३ राहतात, ते चालतं. स्क्रीनवर बॅटरीची खूण दिसत असेल तर मीटरचा सेल बदला. सेल उतरलेले बरेच मीटर व्होल्टेज फुगवून दाखवतात, आणि मग धडधाकट गाडीतही १५.५ व्होल्ट दिसून माणूस उगाच घाबरतो.

अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. ओढणी, मफलर, सैल बाह्या नकोत. गाडी उघड्यावर लावा, गियर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कवर, हँडब्रेक ओढलेला. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मोजमाप करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटं त्याच्यापासून लांब.

सावधान, आणि हे दोनदा वाचा: इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून 'गाडी बंद पडते का बघू' हा प्रयोग करू नका. जुन्या गाड्यांवर शिकलेले काही जण अजूनही तो बेधडक करतात. बॅटरी त्या जोडणीत उशीसारखी असते, झटके पोटात घेते. चार्जिंग चालू असताना ती अचानक बाजूला झाली की व्होल्टेज क्षणभर ४० च्याही वर उसळू शकतं. त्यात रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि इंजिनचा कॉम्प्युटर, काहीही जाऊ शकतं. शिवाय गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर ठीक, हा निष्कर्षही चुकीचा. एक डायोड गेलेला अल्टरनेटरसुद्धा नुसतं इंजिन चालू ठेवण्यापुरती वीज देतो.

## टप्पा १: दिवा काय सांगतोय ते आधी लिहा

इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. बॅटरीचा दिवा पेटायला हवा. नाही पेटला तर ती चांगली बातमी समजू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच दिव्यातून जातो. बल्ब गेला की अल्टरनेटर गप्प, आणि दिवाही नसल्यामुळे कुणाला पत्ता नाही. दिवा न पेटण्याची आणखी कारणं म्हणजे अल्टरनेटरमागचा सॉकेट निघालेला असणं किंवा आतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) झिजून संपलेले असणं.

आता सेल्फ मारा. इंजिन सुरू झाल्यावर दिवा विझायला हवा.

- लख्ख पेटूनच राहिला: चार्जिंग होत नाही. कारण अजून ठरवू नका.
- मिणमिणतोय, रात्रीच नीट दिसतो: डायोडचा किंवा जाड वायरीतल्या अडथळ्याचा संशय. टप्पा ५ आणि ७ लक्ष देऊन करा.
- एकदा रेस दिल्यावरच विझतो: जागं करणारा करंट अपुरा पडतोय. टप्पा ६.
- विझला, तरी सकाळी बॅटरी उतरलेली: एक तर बॅटरी जुनी, नाहीतर गाडी उभी असताना कुठेतरी वीज गळतेय.

नव्या गाड्यांत हा दिवा कॉम्प्युटर लावतो. त्यामुळे तो विझलेला आहे म्हणून चार्जिंग पुरेसं आहे असं मानू नका.

मागच्या महिन्याभरात काय काय झालं तेही लिहा. इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं का? कुलंट किंवा ऑइल गळून अल्टरनेटरवर पडलं का? जंप देताना लाल-काळ्या वायरी क्षणभर उलट लागल्या का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक ओशाळून टाळतात. पण ते 'हो' असेल तर थेट मुख्य फ्यूज आणि डायोडकडे बोट जातं.

## टप्पा २: बॅटरी

गाडी काही तास उभी असू द्या. तेवढा वेळ नसेल तर इंजिन बंद ठेवून दोन मिनिटं हेडलाइट लावा, विझवा आणि पाच मिनिटं थांबा. नुकत्याच चाललेल्या गाडीत बॅटरीवर वरवरचा चार्ज तरंगत असतो, तो असा उतरतो. मग मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, क्लॅम्पवर नको.

१२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ च्या आसपास पाऊण, १२.२ ला निम्मी, १२ ला जेमतेम पाव. ११.८ च्या खाली ती उतरलेलीच धरा.

१२.४ पेक्षा कमी असेल तर इथेच थांबा. चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरा, रात्रभर लागली तरी चालेल. अगदी इथेच लोक घाई करतात. उतरलेली बॅटरी अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की चांगला अल्टरनेटरही बराच वेळ १३ च्या आसपास अडखळतो आणि विनाकारण दोषी ठरतो. चार्ज करताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ सिगारेट, ठिणगी काही नको.

भरल्यावर सेल्फची चाचणी. मीटर बॅटरीला लावून ठेवा, दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट खातोय.

पुढे जाण्याआधी: बॅटरी चार्जरवर भरली, पण गाडीला हात न लावताही दुसऱ्या दिवशी १२.३ वर आली. अशा वेळी दोन्ही क्लॅम्प काढून तोच प्रयोग पुन्हा करा. सुटी ठेवूनही उतरली तर बॅटरी बदला, मगच पुढचं वाचा.

## टप्पा ३: पट्टा आणि पुली

इंजिन बंद, चावी खिशात. पट्टा टॉर्चने पूर्ण बघा. खाचांच्या बाजूला भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी, ऑइलचे डाग यांपैकी काही दिसलं तर पट्टा बदलायचा. पावडर किंवा स्प्रे मारून चिरकणं थांबतं, घसरणं थांबत नाही.

जुन्या पद्धतीच्या, हाताने ताणायच्या पट्ट्यात दोन पुलींच्या मधे अंगठ्याने जोर दिल्यावर तो साधारण १० मिमी दबावा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. फार ताणूनही चालत नाही, बेअरिंग जातं. ऑटो टेन्शनर (पट्टा आपोआप ताणून धरणारा भाग) असेल तर इंजिन चालू असताना लांबूनच बघा. टेन्शनरचा हात किंचित थरथरला तर ठीक, उड्या मारत असेल तर तो तरी गेला आहे किंवा अल्टरनेटरची पुली.

बऱ्याच गाड्यांच्या, खासकरून डिझेलच्या, अल्टरनेटरवर एकाच दिशेने पकडणारी क्लचची पुली असते. ती दोन्ही दिशांना सुटी झाली की बाहेरून पट्टा फिरतो, पुलीही फिरते, आतला रोटर (अल्टरनेटरचा फिरता भाग) मात्र जागच्या जागी. चार्जिंग शून्य. असा अल्टरनेटर 'जळला' म्हणून टाकून दिलेला मी पाहिला आहे, आणि जळालेलं त्यात काहीही नव्हतं. पट्टा उतरवून तपासा: जाळीतून स्क्रूड्रायव्हरने रोटरचा पंखा हलकेच अडवा आणि पुली हाताने फिरवा. एका बाजूला अडली, दुसऱ्या बाजूला सुटी फिरली की पुली चांगली. काही पुलींमध्ये आत स्प्रिंग असते, त्या अडणाऱ्या बाजूला थोड्या लवचीक लागतात. साधी घट्ट पुली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ४: इंजिन चालू ठेवून व्होल्टेज

तीन रीडिंग घ्यायची, तिन्ही बॅटरीच्या खुंट्यांवर.

१. इंजिन मंद, सगळं बंद. १३.८ ते १४.७ च्या मधे हवं.

२. रेस देऊन साधारण २००० फेऱ्यांवर, सगळं बंद. आकडा थोडा चढेल आणि एका जागी थांबेल. थांबायलाच हवा.

३. २००० फेऱ्यांवरच हेडलाइट, एसीचा ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. १३.५ च्या वर टिकलं पाहिजे.

थंड इंजिनवर आकडा थोडा जास्त येतो, १४.७ पर्यंतही जातो. गरम झाल्यावर १३.७ पर्यंत उतरला तर तो बिघाड नव्हे, रेग्युलेटर तापमान बघून व्होल्टेज कमी करतो. थंडीत सकाळी घेतलेल्या आणि दुपारी तापलेल्या गाडीत घेतलेल्या रीडिंगची तुलना करू नका.

आता नव्या गाड्यांचा एक घोळ. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पला चिकटलेली छोटी काळी डबी आणि तिला बारीक वायर दिसली तर तो बॅटरी सेन्सर. अशा गाडीत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असेल तर १२.७ दिसेल, पाय ब्रेकवर गेला की १४.८. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, अल्टरनेटर गेला. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, दोन-तीन मिनिटं द्या. आकडा १४ कडे चढला तर गाडी बरोबर वागतेय.

रीडिंगचा अर्थ असा लावा. रेस दिली तरी १२.५ च्या आसपास आणि हळूहळू खाली जात असेल, तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोहोचतच नाही. बिनलोडला ठीक आणि लोड लावल्यावर १३ च्या खाली येत असेल, तर घसरता पट्टा, वायरीतला अडथळा किंवा डायोड. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर किंवा त्याला बॅटरीचं व्होल्टेज कळवणारी बारीक वायर.

सावधान: १५ च्या वर आकडा आणि बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास, दोन्ही एकत्र आले तर लगेच इंजिन बंद करा. तशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

## टप्पा ५: मधल्या वाटेत किती गळतंय

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मीही गाळला होता. एका रविवारी अल्टरनेटर काढला, दुपारभर बोटं सोलपटून घेतली, नवा बसवला आणि संध्याकाळी हेडलाइट तसेच पिवळट. शेवटी इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी हातात घेतली. वरून धडधाकट. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) जिथे वायरीवर दाबलेला असतो तिथलं प्लास्टिक सोललं तर आतून हिरवी पूड सांडली. तांब्याच्या जेमतेम चार-पाच तारा शिल्लक होत्या.

अशी वायर ओहमवर मोजली तर मीटर ती चांगलीच दाखवतो. याचं गणित समजून घ्या. वायरीत ०.०२ ओहमचा अडथळा आहे आणि तिच्यातून ४० अँपिअर जातायत असं धरा. ०.८ व्होल्ट तिथेच खपले. अल्टरनेटर १४.२ देतोय, बॅटरीला १३.४ मिळतायत. आणि ०.०२ ओहम तुमच्या मीटरला दिसणारच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याच्या दहापट आहे. म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं, आणि व्होल्टमध्ये मोजायचं.

इंजिन २००० फेऱ्यांवर, हेडलाइट-ब्लोअर-हीटर चालू. मीटर डीसी व्होल्टवर.

पॉझिटिव्ह बाजू. लाल टोक अल्टरनेटरमागच्या जाड खुंटीवर. तिला बी-प्लस म्हणतात, वर रबरी टोपी असते. काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. हो, दोन्ही टोकं पॉझिटिव्हवरच. मीटर मधला फरक दाखवतो. ०.२ पर्यंत उत्तम, ०.३ चालवून घ्या, ०.५ च्या वर असेल तर दुरुस्ती हवीच.

निगेटिव्ह बाजू. लाल टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, रंगावर किंवा गंजावर नको. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. इथे ०.१ च्या आसपास यावं, ०.२ च्या वर नको.

आकडा जास्त आला की वाट तुकड्या-तुकड्यांनी मोजा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते फ्यूजबॉक्सचा बोल्ट, मुख्य फ्यूजची दोन टोकं, तिथून बी-प्लस. अर्थच्या बाजूला: अल्टरनेटर ते इंजिन, इंजिन ते बॉडी, बॉडी ते बॅटरी. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो तिथे दोष. बहुतेकदा क्लॅम्पच्या आत पांढरी बुरशी निघते किंवा बोल्टखाली रंग.

साफ करताना आधी इंजिन बंद, मग निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढा, लावताना शेवटी. पॉझिटिव्हवर पाना लावलेला असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट करा आणि ग्रीस वरून लावा, मधे नाही.

पुढे जाण्याआधी: बी-प्लसवर १४.३ आणि बॅटरीवर १३.३ असेल तर अल्टरनेटर निर्दोष आहे. वायर दुरुस्त करा, टप्पा ४ पुन्हा करा आणि हात धुवा. पुढचं वाचायची गरज नाही.

## टप्पा ६: मुख्य फ्यूज, सॉकेट, बारीक वायरी

इंजिन बंद ठेवून बी-प्लस आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधे मोजा. बॅटरीवर जेवढं व्होल्टेज आहे तेवढंच इथे दिसायला हवं. शून्य आलं तर मधला मोठा फ्यूज किंवा फ्यूजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारा वायरीचा तुकडा) उडाली आहे. जंप उलटा लागल्यावर हाच बळी जातो. नवा बसवाल तो तेवढ्याच अँपिअरचा. तार गुंडाळून काम भागवू नका, गाडी पेटते.

मग अल्टरनेटरचा प्लास्टिक सॉकेट काढा. पिना वाकल्यात, हिरव्या पडल्यात, ऑइलने माखल्यात का बघा. कितीदा तरी सॉकेटची लॉकची कडी तुटलेली असते आणि तो नुसता टेकलेला असतो. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा पेटतो, दुसऱ्या खड्ड्यात विझतो. वायरीच्या आवरणात मीटरचं टोक भोसकू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने वायर आतून कुजते.

पुढची तपासणी दिव्याच्या वायरीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी. सॉकेट काढलेला असताना चावी ऑन करा, दिव्याच्या वायरीवर बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. येत नसेल तर बल्ब, त्याचा फ्यूज किंवा मधली वायर. कोणती वायर कोणती हे गाडीच्या पुस्तकातल्या आकृतीवरून ठरवा, रंगावरून अंदाज नको. कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या अल्टरनेटरमध्ये या बारीक वायरीतून सिग्नल जातात. तिथे बॅटरीवरून थेट वायर लावून बघायचा मोह आवरा.

## टप्पा ७: डायोड

अल्टरनेटर आतून एसी (उलटसुलट वाहणारी वीज) बनवतो आणि डायोड त्याचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतात. डायोड गेला की थोडं एसी बाहेर झिरपतं. मीटर एसी व्होल्टवर, लाल बी-प्लसवर, काळं अल्टरनेटरच्या बॉडीवर, इंजिन २००० फेऱ्यांवर, हेडलाइट चालू. ०.१ च्या खाली असेल तर चांगलं. ०.५ च्या वर गेलं तर डायोडवर शिक्का मारायला हरकत नाही. मधे आलं तर दुसऱ्या मीटरने पडताळा.

काही स्वस्त मीटर एसीवर असतानाही डीसी मोजून खोटा आकडा देतात. तुमचा तसा आहे का? इंजिन बंद ठेवून एसीवरच बॅटरी मोजा, मग टोकं उलटी करून मोजा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मीटर विश्वासाचा. एकदा २५-२८ आणि उलट केल्यावर शून्य आलं तर या चाचणीसाठी तो बाद.

रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी येत असेल तर तीही याच संशयाला पुष्टी देते.

डायोड उलटा गळत असेल तर उभ्या गाडीत बॅटरी उतरते. ते पकडायला निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकावर ठेवून खुंटी आणि क्लॅम्पच्या मधे जोडा. दरवाजे बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. साधारण ५० मिलिअँपच्या खाली ठीक. जास्त असेल तर मीटर सोडवा, बी-प्लसची वायर काढून टेपने गुंडाळा, मीटर पुन्हा जोडा, पुन्हा अर्धा तास थांबा. आकडा खाली आला तर गळती अल्टरनेटरमधूनच आहे. तसाच राहिला तर चोर दुसरीकडे आहे.

सावधान: मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, चावीही ऑन करू नका. मीटरचा फ्यूज उडेल, आणि ज्याला फ्यूज नाही तो मीटरच जळेल.

## टप्पा ८: आता उतरवा

इथपर्यंत बॅटरी चांगली, पट्टा चांगला, वायरी चांगल्या आणि तरी चार्जिंग नाही, तर अल्टरनेटर काढायला तुम्ही मोकळे. मोबाइलवर पट्ट्याचा मार्ग आणि वायरींच्या जागा यांचे फोटो घ्या. काही गाड्यांत बॅटरी सुटली की रेडिओचा कोड किंवा पॉवर विंडोची सेटिंग जाते, त्याची तयारी ठेवा. क्रम असा: निगेटिव्ह क्लॅम्प, सॉकेट, बी-प्लसचा नट, पट्टा, मग बोल्ट. बी-प्लस थेट बॅटरीला जोडलेला असतो, चावी बंद असली तरी जिवंत. म्हणून निगेटिव्ह पहिला.

टेबलावर ठेवल्यावर आधी नाक आणि कान वापरा. जळक्या वॉर्निशचा वास आला तर वाइंडिंग गेलं, वेळ घालवू नका. पुली हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंग.

मागचं झाकण काढलं की रेग्युलेटर आणि कार्बन ब्रश दिसतात, बऱ्याचदा एकाच तुकड्यात. ब्रश होल्डरमधून ५ मिमीपेक्षा कमी बाहेर डोकावत असतील तर बदला. काहींवर झिजेची रेघही कोरलेली असते. स्प्रिंगने ते सहज मागे-पुढे होतात का तेही बघा. ज्या तांब्याच्या कड्यांवर ब्रश घासतात त्या काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा. खोल खाच पडली असेल तर नवे ब्रशही टिकत नाहीत.

मीटर ओहमवर. दोन्ही कड्यांच्या मधे साधारण २ ते ५ ओहम यावेत. काहीच जुळत नसेल तर रोटरची तार तुटली. कडी आणि मधला दांडा यांच्यात काहीच यायला नको, आलं तर रोटर बॉडीला लागला. स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर गुंडाळीच्या) तारा आणि बाहेरची बॉडी यांच्यातही तेच. डायोडच्या सेटिंगवर प्रत्येक डायोड एका बाजूने ०.४ ते ०.७ दाखवेल, उलट केल्यावर काही नाही. दोन्हीकडे सारखंच दाखवलं तर तो गेला. ही डायोडची चाचणी स्टेटरच्या तारा सोडवल्याशिवाय खात्रीची होत नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर इथून पुढे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि आतापर्यंतच्या रीडिंगचा कागद त्याच्या हातात द्या. त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तो तुम्हाला गोष्टी सांगणार नाही.

माझं मत: नुसते ब्रश किंवा रेग्युलेटर गेला असेल तर तेवढाच भाग बदला. रोटर, स्टेटर किंवा बेअरिंगसोबत डायोडही गेले असतील तर पूर्ण अल्टरनेटर. एकेक भाग बदलत बसलात की तीन वेळा पट्टा उतरवावा लागतो.

## टप्पा ९: बसवणं

नवा आणि जुना शेजारी-शेजारी ठेवा. अँपिअर, पुलीच्या खाचा, बोल्टच्या भोकांची जागा, सॉकेटच्या पिना, सगळं जुळलं पाहिजे. पुली दोन मिलिमीटर पुढे-मागे असली तरी पट्टा कडेने खातो.

ब्रॅकेटवरचा गंज आणि रंग बोल्टच्या जागी घासून काढा, अल्टरनेटरची अर्थ तिथूनच जाते. बी-प्लसचा नट पुस्तकातल्या जोराने आवळा. सैल राहिला तर ठिणग्या उडून खुंटी वितळते, फार आवळला तर तुटते.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरूनच गाडी सुरू करा. उतरलेल्या बॅटरीवर नवा अल्टरनेटर जोडला की तो पहिल्याच तासात पूर्ण ताकदीने पळत तापतो, आणि लोक म्हणतात नवाच खराब निघाला.

सुरू झाल्यावर टप्पा ४ ची तिन्ही आणि टप्पा ५ ची दोन्ही रीडिंग घ्या. मग अर्धा तास गाडी फिरवून आणा आणि इंजिन गरम असतानाच तीच रीडिंग पुन्हा घ्या. काही रेग्युलेटर थंड असताना शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावर सोडून देतात. इंजिन बंद करून जरा निवू द्या, मग बी-प्लसवरची रबरी टोपी परत बसली आहे का ते टॉर्च मारून बघा. ती बहुतेक वेळा बॅटरीच्या ट्रेवर विसरलेली सापडते.